भुवईतलं गौणवाक्य

23 सप्टेंबर आला की आमच्या जळगाव-धुळ्याकडे बहिऱ्या पोरांचं नशीब उजळतं. जागतिक सांकेतिक भाषा दिन! हार येतात, फ्लेक्स लागतो, प्रमुख पाहुणे तासभर उशिरा येतात आणि आल्यावर माइक हातात घेऊन, बहिऱ्या श्रोत्यांसमोर, दुभाष्याशिवाय, मनसोक्त बोलतात. विषय असतो संवादाचं महत्त्व.

या भाषणात कुठेतरी ते विधान येतंच. ‘या मुलांना हातवाऱ्यांनी साधंसुधं कळतं हो. जेव, झोप, पाणी आण. पण जर-तर, जो-तो, असली मिश्र वाक्यं? नाही जमत. मुळात खाणाखुणांना व्याकरणच नसतं ना!’ टाळ्या. पोरंही दोन्ही हात वर करून पंजे हलवतात, ती त्यांची टाळी. काय बोललं गेलं ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. शिष्टाचार मात्र त्यांच्याकडे आहे.

आता पाहुण्यांचं घराणं बघा. हा गृहस्थ घरी आईशी अहिराणीत बोलतो. एखाद्या पुणेकरानं ‘अहिराणी म्हणजे अशुद्ध मराठीच की’ असं म्हटलं की याचे कान लाल होतात. मग तो ग्रियर्सन काढतो: साहेबानं आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात, 1907 साली, खानदेशीची रीतसर नोंद केली, माहितीये का? माहितीये दादा. पण ‘त्याला व्याकरण नाही’ ही जी शिवी तुम्ही पुण्याकडून खाल्ली, तीच तुम्ही जशीच्या तशी बहिऱ्यांच्या पानात वाढता, त्याचं काय? आणि हे कुठे, तर धुळ्यात! जिथे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे वारले, जिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी हातात धरून त्या माणसानं तिच्या मराठीचं अख्खं व्याकरण मांडलं होतं. व्याकरण दिसायला आधी बघावं लागतं, एवढं तरी त्या गावात बसून कळायला हरकत नव्हती.

पाहुण्यांची बाजू घ्यायची तर असं म्हणता येईल की ते एकटे नाहीत. विद्वानांनीही हीच माती खाल्ली आहे. विल्यम स्टोकी यांनी 1960 साली दाखवून दिलं की अमेरिकन सांकेतिक भाषा ही रचना असलेली, खरीखुरी भाषा आहे. ठीक. पुढे 1977 साली एका अभ्यासकानं निबंध लिहिला, त्याचं शीर्षकच असं की या भाषेत गौणवाक्यांचा अभाव आहे. लगेच पुढच्या वर्षी स्कॉट लिडेल यांनी दाखवलं की गौणवाक्य आहे, चांगलं धडधडीत आहे, फक्त ते तोंडावर आहे. भुवया वर, मान किंचित मागे, वरचा ओठ उचललेला, आणि ही मुद्रा पूर्ण उपवाक्यभर धरलेली. ती सुटली की उपवाक्य संपलं. ज्यांनी फक्त हात पाहिले त्यांना ते दिसलं नाही. दिसणार कसं?

भारतीय सांकेतिक भाषाही याच कुळातली, नात्यानं नव्हे, स्वभावानं. उलरिके झेशान यांनी तिच्या वर्णनाचं पुस्तक 2000 साली छापलं. वाक्याच्या शेवटी क्रियापद, प्रश्नशब्द शेवटाकडे, नकार क्रियापदानंतर. ऐकल्यासारखं वाटतंय? ‘तुझं नाव काय?’ म्हणणाऱ्या माणसाला तरी ही रचना परकी वाटू नये.

एक नमुना घेऊ. ‘रावेरला ज्या व्यापाऱ्यानं माझी केळी उचलली, त्याच्या भावाला मेव्हण्यानं दिलेले पैसे अजून परत आले नाहीत.’ हे वाक्य बोलताना मलाच मध्ये श्वास घ्यावा लागला. सांकेतिक भाषेत व्यापारी उजवीकडच्या हवेत उभा केला जातो. तो कोणता व्यापारी, हे सांगेपर्यंत भुवया वर. भुवया उतरल्या, मुख्य वाक्य सुरू. भावाला व्यापाऱ्याशेजारी जागा, मेव्हणा डावीकडे. ‘देणे’ हे क्रियापद डावीकडून उजवीकडे सरकतं, म्हणजे कर्ता कोण आणि कर्म कोण याला वेगळी विभक्ती नको. ‘परत’ उजवीकडून डावीकडे निघतं आणि शेवटी नकार, मान हलवत. पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तिन्ही माणसं आपापल्या जागी शाबूत असतात. पाच मिनिटांनी नुसतं उजवीकडे बोट केलं तरी कुणाबद्दल चाललंय ते कळतं. आमच्या मराठीत मात्र ‘तो त्याला म्हणाला की त्यानं त्याचे पैसे’ असं सुरू झालं की समोरचा विचारतो, ‘कोन, कोनाचे, भो?’

सासू-सुनेचं भांडण सांगायचं असेल तर खांदा जरासा वळतो, नजर बदलते, आणि सांगणारा सासू होतो. उलटा वळला की सून. ‘सासू म्हणाली की सून म्हणते की’ ही अख्खी उतरंड एका खांद्यावर. प्रत्यक्ष कथन, अप्रत्यक्ष कथन, अवतरणचिन्हं, सगळं त्यातच.

म्हणून मुरलेले बहिरे समोरच्याच्या हातांकडे टक लावत नाहीत, चेहऱ्याकडे पाहतात. अमेरिकेत कॅरन एमोरी आणि सहकाऱ्यांनी नजर टिपणारी यंत्रं लावून हे 2009 साली मोजलं: जन्मापासून ही भाषा वापरणाऱ्यांची नजर डोळ्यांजवळ, नवशिक्यांची तोंडाजवळ. हात नजरेच्या कडेनं टिपले जातात. आता आपल्या टीव्हीवरचा दुभाषी आठवा. पडद्याच्या कोपऱ्यात, काडेपेटीएवढ्या चौकटीत, खालून बातम्यांची पट्टी, वरून वाहिनीचा शिक्का. भुवई शोधायला भिंग लागेल. म्हणजे आम्ही जोडवाक्याचा जोड कापून टाकतो आणि वर सांगतो, यांना जोडवाक्यं कळत नाहीत.

आणि काही वर्गांत याच्याही पुढची मजा चालते. गुरुजी मराठी वाक्य तोंडानं म्हणतात आणि शब्दागणिक एकेक खूण करत जातात. चेहरा मात्र भिंतीवरच्या संस्थापकांच्या तसबिरीइतका निर्विकार. मुलं गोंधळतात. गुरुजी शेरा मारतात: आकलन कमी.

इथे माझी करमणूक संपते. 1880 साली मिलानमध्ये बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. भरवणारे आणि मतदान करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. ठराव झाला की खुणा बंद, बोलणं शिकवा. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त करायला त्याच परिषदेच्या वारसांना 2010 साल उजाडावं लागलं. मधली कित्येक दशकं जगात बहुतेक ठिकाणी ‘हात खाली, ओठांकडे बघ’ हेच चाललं आणि आपल्याकडे ते अजून संपलेलं नाही. बहुतेक बहिरी मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. डॉक्टर, वाचातज्ज्ञ, शेजारी, सगळे एकमुखानं सांगतात की खुणा शिकवू नका, पोर आळशी होईल, बोलणार नाही. मग ते पोर सहा-सात वर्षांचं होईस्तोवर कुठल्याच भाषेशिवाय वाढतं. ओठांवरून हाती लागतात ते तुटके शब्द, वाक्य नाही.

रेचल मेबेरी आणि सहकाऱ्यांनी 2002 साली ‘नेचर’मध्ये काय छापलं? ज्या बहिऱ्यांना लहानपणीच सांकेतिक भाषा मिळाली, त्यांना पुढे इंग्रजीची अवघड वाक्यंही चांगली जमली. ज्यांना कोवळ्या वयात कोणतीच भाषा मिळाली नाही, ते अडखळले. म्हणजे खुणांमुळे भाषा बिघडत नाही, खुणा नाकारल्यामुळे बिघडते. लागवडीच्या वेळी ठिबकची नळी कापायची आणि घड धरायच्या वेळी केळीच्या जातीला नावं ठेवायची, ही बागाईत रावेर-सावद्यातला कुणी शेतकरी खपवून घेईल? शिक्षणात मात्र तिला तज्ज्ञांचा अहवाल म्हणतात.

सरकारनं काही केलंच नाही असं नाही. 2015 साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र निघालं. त्याचा शब्दकोश 2018 साली 3,000 शब्दांचा होता, 2021 साली 10,000 शब्दांचा झाला. उत्तम काम. फक्त आकडा मोठा झाला की भाषा झाली, असं समजणारे त्याचं उद्घाटन करतात एवढंच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 17 सांगतं, सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमा. नेमा!

आणि ‘अवघड वाक्य आवाक्याबाहेर’ म्हणणाऱ्यांनी सप्टेंबर 2023 मधलं सर्वोच्च न्यायालय आठवावं. सारा सनी या बहिऱ्या वकील दुभाष्यामार्फत कामकाजात सहभागी झाल्या. जगात जी काही ‘परंतु’, ‘तथापि’ आणि ‘अन्यथा’ शिल्लक आहेत, ती सगळी तिथेच राहतात.

हाच बहिरा माणूस कुठल्याही सरकारी कचेरीत गेला की खिडकीतून कागद सरकवला जातो: ‘लिहून द्या.’ लिखित मराठी ही त्याची दुसरी भाषा, तीही ऐकल्याशिवाय शिकलेली, हे खिडकीच्या गावी नसतं. तरी तो लिहितो. उत्तर येतं: ‘ज्याअर्थी अर्जदाराने उपरोक्त संदर्भान्वये विहित मुदतीत पूर्तता केलेली नसल्याचे निदर्शनास आलेले आहे, त्याअर्थी...’ त्याला हे कळत नाही, अशी साहेबांची तक्रार आहे. कागद मी दोनदा वाचला. मलाही कळलं नाही आणि मला तर ऐकू येतं.