दाराला कुलूप दिसलं तरी

एका भगिनीचं पत्र आलंय. मुलगा नवऱ्याकडे, दर रविवारी भेटीचा कोर्टाचा हुकूम, आणि ३ रविवार दाराला कुलूप! “आता जाऊच नये का?” असं विचारतात.

जायचं, बाई. दर खेपेला, ठरल्या वेळी. नाही गेलात तर उद्या तोच म्हणेल, आईच फिरकली नाही. सोबत एखादं जाणतं माणूस न्या. तारीख, वेळ, काय घडलं ते वहीत तिथल्या तिथे टिपा. मोबाइलवर साधा निरोप धाडा, “आले होते, भेट झाली नाही.” रागाचा शब्द नको हं, तो निरोप पुढे न्यायाधीश वाचतील.

मग ज्या कोर्टाने हुकूम दिला तिथेच वकिलांकरवी अंमलबजावणीचा अर्ज करा. मुद्दाम हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, दिवाणी कैदही होऊ शकते. पण मी म्हणेन, आधी बुडलेल्या रविवारांच्या बदल्यात दिवस मागा. सोय असेल तर भेट कोर्टाच्या बालकक्षात मागा. मुलाला शाळेतून परस्पर उचलून आणायचं मात्र मनातही आणू नका.

आणि पोटगी थकली म्हणून मुलांची भेट अडवणाऱ्या मैत्रिणींनो, पोटगीसाठी अर्ज वेगळा असतो. भेटीचा हुकूम तुम्हालाही तितकाच लागू, बरं का!