आधी पेटी, मग कॅमेरा

गेल्या हिवाळ्यात आम्ही पाण्याखालच्या चित्रणासाठी दुसऱ्यांदा साहित्य घेतले. पहिल्या खरेदीची हकिकत सांगितल्यावाचून दुसरीतले शहाणपण कळायचे नाही, म्हणून या वेळचे सदर दोन्ही खरेद्यांसाठी. मस्कतमधील आमच्या नऊ कुटुंबांपैकी स्कूबाचे शिक्षण घेऊन पाण्यात उतरणारे आम्ही पाचच. उरलेल्यांना, आणि विशेषतः गावाहून दोन-तीन महिने राहायला येणाऱ्या आईवडिलांना, दैमानियात बेटांभोवतीच्या पाण्याखाली काय आहे ते दिसावे, ही मूळची इच्छा. वर्गणी मात्र नवही घरांनी दिली होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पहिली चूक दुकानातच झाली. आम्ही आधी कॅमकॉर्डर पाहिला. त्याचा झूम पाहून तर आम्ही हरखूनच गेलो. काउंटरवरून रस्त्यापलीकडच्या पाटीवरील अक्षरे वाचता येत होती. कॅमेरा घेऊन घरी आलो आणि मग त्याला बसेल अशी जलरोधक पेटी, म्हणजे हाउसिंग, शोधू लागलो. प्रत्येक पेटी एखाद्या विशिष्ट मॉडेलच्या मापाने, त्याच्या बटणांच्या जागा हेरून घडवलेली असते, हे तेव्हा कळले. आमच्या मॉडेलसाठी एकच ॲक्रिलिकची पेटी मिळाली. तिच्यातून चालू-बंद, चित्रण आणि झूम एवढेच काय ते हाताळता येत होते.

त्यातला झूम पाण्याखाली जवळजवळ निरुपयोगी ठरला. कितीही नितळ पाणी झाले तरी त्यात कण तरंगत असतात आणि झूम माशाबरोबर तो गढूळपणाही मोठा करतो. पाण्यात चित्र सुधारण्याचा उपाय एकच, विषयाच्या जवळ जाणे. जवळ जायचे तर रुंद कोन हवा. पेटीच्या सपाट काचेमागून प्रकाश वळतो, वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते आणि चौकट तेवढीच आवळते. घुमटाकार काचेने हा कोन परत मिळतो. पण घुमटातून दिसणारी प्रतिमा भिंगाच्या अगदी पुढ्यात तयार होते, तेव्हा इतक्या जवळ फोकस होणारा कॅमेराच तिथे चालतो. बोटाएवढ्या जिवांचे चित्रण करायचे असेल तर मात्र सपाट काच बरी.

रंगांची गोष्ट याहून गंभीर. पाणी प्रकाशातला तांबडा रंग सर्वांत आधी गिळते. पाच-सहा मीटरवरच तो फिका पडतो आणि पंधरा मीटरवर सगळे निळे-करडे होते. आमच्या पहिल्या चित्रणातला लायनफिश राखेत लोळल्यासारखा दिसत होता. यावर उपाय म्हणजे त्या खोलीवर पांढरी पाटी कॅमेऱ्यासमोर धरून व्हाइट बॅलन्स ठरवणे आणि खोली बदलली की पुन्हा ठरवणे. आमच्या कॅमकॉर्डरमध्ये ही सोय होती, पण स्पर्शपडद्यावरच्या मेनूत. पेटीच्या भिंतीपलीकडे बोट कसे पोहोचणार? मग लाल फिल्टर लावून पाहिला. साधारण पाच ते पंधरा मीटरच्या दरम्यान त्याने चांगली साथ दिली. पण तो पेटीच्या आत होता, पाण्यात काढता येत नव्हता. कपारीत दिवा लावताच मोरे ईल शेंदूर फासल्यासारखी लाल दिसू लागली.

तिसऱ्या फेरीला पेटीत पाणी शिरले. होडीचे इंजिन धडधडत होते, आम्ही चौघे सिलिंडर पाठीवर घेऊन बसलो होतो आणि पेटी बंद करण्याची पाळी ज्याची, त्या आमच्या मालवणच्या मित्राला “चल, चल” म्हणून घाई करीत होतो. खोल पाण्याच्या दाबाने पेटी फुटते, अशी नवख्यांची समजूत असते. प्रत्यक्षात दाब झाकण अधिकच आवळतो. पाणी पुष्कळदा शिडीपाशी, पेटी हातातून हातात देतानाच शिरते. आमच्याही बाबतीत तसेच झाले असावे. ध्यानात आले ते बारा मीटरवर, काचेच्या आतून थेंब ओघळताना. कॅमेऱ्यासाठी वर धाव घ्यायची नसते. त्याने सावकाश वर येऊन पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा घेतला आणि ती तीन मिनिटे हातातला कॅमेरा खाऱ्या पाण्यात बुडताना पाहत राहिला. वर आल्यावर ओ-रिंगवर आडवा पडलेला एकच केस सापडला.

पुढच्या बैठकीत त्याने सगळी रक्कम एकट्याने भरण्याची तयारी दाखवली. कोणीही ती घेतली नाही. तरी तो चार महिने आमच्याबरोबर समुद्रावर आला नाही. घाई आम्ही केली होती, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगायला आम्हालाही तितकाच वेळ लागला.

दुसऱ्या वेळी आम्ही उलट्या टोकापासून सुरुवात केली आणि पेटी आधी निवडली. जुनी, पण भक्कम ॲल्युमिनियमची. व्हाइट बॅलन्स आणि फोकससाठी स्वतंत्र खटके असलेली. फिल्टर बाहेरून खालीवर करता येणारी. पाण्यात ना बुडणारी ना तरंगणारी. जमिनीवर ती जड आहे आणि विमानाच्या सामानात तिने आमचे हाल केले, हेही सांगायला हवे. मग ती ज्या मॉडेलसाठी बनली होती, ते बटणांचे जुने कॅमकॉर्डर वापरलेल्या स्थितीत दोन घेतले. एक बुडाला तरी पेटी अडगळीत जाऊ नये.

पेटीला निर्वात झडप बसवून घेतली. हातपंपाने आतली थोडी हवा काढायची आणि अर्धा तास वाट पाहायची. काटा जागचा हलला नाही तर पेटी घट्ट आहे असे समजायचे. पहिली बुडी कॅमेऱ्याविना, आत टिश्यू पेपर ठेवून दिली. तो कोराच वर आला. ओ-रिंगला निर्मात्याने सांगितलेलेच ग्रीस, तेही रिंग नुसती चकाकेल इतकेच. होडीवर पेटी आता उघडतही नाही. ती आदल्या रात्री वातानुकूलित खोलीत, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून बंद होते. इथली दमट हवा आत कोंडली तर खालच्या गार पाण्यात काचेवर वाफ धरते.

नुकतेच बुडी शिकलेल्यांनी आमचे अनुकरण करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यांना गोप्रोसारखा लहान कॅमेरा पुरे. अलीकडचे गोप्रो नुसते दहा मीटरपर्यंत आणि त्यांच्याच पेटीत साठ मीटरपर्यंत जातात. दोन हातांवरचे कासव त्यात नाण्याएवढे दिसते, ही त्यांची उणीव. पण तोल सांभाळता येईपर्यंत कासवाच्या जवळ जाऊच नये. कॅमेऱ्यात डोळे घातलेल्या माणसाचे गुडघे पोवळ्यांवर आदळतात, हे आम्ही पाहिले आहे. दैमानियातची नऊ बेटे १९९६ पासून संरक्षित आहेत आणि हॉक्सबिल कासवे तिथे अंडी घालतात.

नव्या कॅमेऱ्याचे पहिले चित्रण नवही घरांनी एकत्र बसून पाहिले. लायनफिश या वेळी लाल होता. एका आजींनी तो पुन्हा दाखवायला लावला आणि हा खातात का, असे विचारले. उत्तर मालवणच्या मित्राने दिले आणि ते जरा लांबलेच. येत्या शुक्रवारी होडी सकाळी सातला सुटेल. गुरुवारी रात्री पेटी तोच बंद करणार आहे. तेवढा वेळ त्या खोलीत कोणी बोलायचे नाही, असे ठरले आहे.