फीत कापून झाल्यावर...

सरकारी दवाखान्यात नवं मशीन आलं की फीत कापतात, पेपरात फोटो येतो. जुनं मशीन बंद पडल्याची बातमी मात्र कोणी छापत नाही. ती पेशंटला कळते केसपेपरवरच्या शेऱ्यातून: ‘बाहेरून करून आणा’.

आमच्या बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यातला गरीब माणूस अंबरनाथच्या छाया रुग्णालयात जातो, तिथे नाही जमलं तर उल्हासनगरच्या कॅम्प ३ मधल्या मध्यवर्ती रुग्णालयात. तिथे मुरबाड-शहापूरकडचेही येतात. एका सोनोग्राफीसाठी दोन खेपा म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. हा खर्च मशीनच्या हिशेबात कुणी धरतं का हो?

नियम नाहीत असंही नाही. २०१५ पासून केंद्राची उपकरण-देखभाल योजना आहे. जिल्हा रुग्णालयातली यंत्रं ९५ टक्के वेळ चालू असावीत, असं तिचं उद्दिष्ट. पण मशीन दगावल्यावर प्रस्ताव, मग निविदा, मग वाट बघा! मशीन म्हातारं होणार हे घेतानाच माहीत असतं, तर बदलीची तरतूद आधीच का नको? आणि नवं आलं तरी चालवायला तंत्रज्ञ आणि तपासणीची रसायनं नसली, तर ते नुसतं कपाट.

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक मशीनच्या खोलीबाहेर पाटी लावा: खरेदीचं वर्ष, देखभाल करार कधी संपतो, कधीपासून बंद. उद्घाटनाची पाटी लावता येते, तर हीसुद्धा येईलच की!