विश्लेषण : ‘पीएस ६’ची चर्चा जोरात; पण ‘थांबा, स्वस्त होईल’ हे गणित आता चालेल का?

सोनीने पुढच्या गेमिंग कन्सोलचे नाव, किंमत किंवा तारीख सांगण्याआधीच समाजमाध्यमांनी त्याचे ‘पीएस ६’ असे बारसे उरकून टाकले आहे. तो घ्यायला किडनी विकावी लागेल, ‘जीटीए ६’ आधी येतो की हा, असे विनोद फोनवर फिरत आहेत. मात्र त्यामागचा प्रश्न थट्टेचा नाही. वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगमध्ये कन्सोलसाठी पैसे साठवणाऱ्या तरुणाने ‘पीएस ५’ आता घ्यावा की थांबावे?

अंदाज कशाच्या आधारावर बांधले जातात?

पहिला आधार साधी वजाबाकी. ‘पीएस २’ २००० मध्ये आला, ‘पीएस ३’ २००६ मध्ये, ‘पीएस ४’ २०१३ मध्ये आणि ‘पीएस ५’ १२ नोव्हेंबर २०२० रोजी. म्हणजे अंतर सहा ते सात वर्षांचे. त्यामुळे २०२७-२८ हा अंदाज सगळीकडे दिसतो.

दुसरा आधार कंपनीचे स्वतःचे बोलणे. ‘पीएस ५’चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये चिप बनवणाऱ्या एएमडीसोबतचे नवे ग्राफिक्स तंत्रज्ञान मांडले. ते सध्या संगणकावरील चाचणीपुरते असून काही वर्षांत येणाऱ्या कन्सोलमध्ये वापरायचे आहे, असे त्यांनी सांगितले. तिसरा आधार न्यायालयीन कागदपत्रे. मायक्रोसॉफ्टवरील अमेरिकेतील खटल्यात २०२३ मध्ये उघड झालेल्या कागदांत पुढच्या एक्सबॉक्ससाठी २०२८ सालचा उल्लेख होता.

हे अंदाज किती खरे ठरतात?

‘नवे येणार’ हे बहुतेकदा खरे ठरते, ‘त्यात काय असणार’ इथे गाडी घसरते. २०२१ मध्ये निन्टेंडोचा ‘स्विच प्रो’ फोर-के चित्रासह येणार, अशी जोरदार चर्चा होती. जुलैमध्ये जाहीर झाले ते चांगल्या ओएलईडी पडद्याचे मॉडेल, फोर-के नव्हतेच. खरा ‘स्विच २’ बाजारात आला ५ जून २०२५ रोजी. मधली चार वर्षे ‘प्रो’साठी थांबलेल्यांच्या हाती काही लागले नाही.

विनोदांचा कंपन्यांना फायदा होतो का?

होतो. जून २०२० मध्ये ‘पीएस ५’चे रूप दिसताच लोकांनी त्याला वाय-फाय राउटर म्हटले, तर एक्सबॉक्स सिरीज एक्सला फ्रीज. मायक्रोसॉफ्टने चिडण्याऐवजी त्याच आकाराचा खराखुरा फ्रीज बनवला आणि २०२१ मध्ये छोटा फ्रीज विक्रीलाही काढला. सोनीने तर २००० मध्ये ‘पीएस २’च्या जाहिरातीत २०७८ सालचा ‘पीएस ९’ दाखवला होता. विनोद फिरतो तेव्हा जाहिरात फुकटात होते.

थांबलो तर स्वस्त मिळेल का?

पूर्वी मिळायचे. अमेरिकेत ‘पीएस २’ २९९ डॉलरला आला आणि २००९ पर्यंत ९९ डॉलरवर उतरला. चिप लहान आणि स्वस्त होत गेल्या की किंमत खाली यायची. ‘पीएस ५’ने ही चाल उलटवली. तिथे ४९९ डॉलरचे मॉडेल ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ डॉलरचे झाले. भारतात ४९,९९० रुपयांना आलेला ‘पीएस ५’ नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० रुपयांवर गेला. एप्रिल २०२४ मध्ये आलेले ‘स्लिम’ मॉडेलही त्याच किमतीला होते. त्यात एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५च्या उत्तरार्धात मेमरी चिप महागल्या. कन्सोलला त्याच कारखान्यांतली मेमरी लागते.

आपल्याकडच्या हिशेबात सांगायचे तर २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने ५४,९९० रुपये म्हणजे दहा क्विंटलहून जास्त सोयाबीन.

भारतात तो लगेच मिळेल का?

याची खात्री नाही. ‘पीएस ५’ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी, म्हणजे जवळपास तीन महिने उशिरा आला. १२ जानेवारीला आगाऊ नोंदणी सुरू झाली आणि काही मिनिटांत संपली. नोव्हेंबर २०२४ मधला ‘पीएस ५ प्रो’ तर त्या वेळी भारतात आलाच नाही. त्यातील वाय-फाय ७ साठी लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झ लहरींना इथे परवानगी नव्हती. या पट्ट्याचा खालचा भाग खुला करण्याच्या नियमांचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला.

गावाकडच्या खेळाडूसाठी कळीचा मुद्दा कोणता?

डिस्क. ‘पीएस ५ प्रो’मध्ये डिस्क ड्राइव्ह नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. पुढच्या कन्सोलमध्येही असेच झाले, तर फटका शहरापेक्षा गावाला जास्त बसेल. मोठे गेम आता १०० जीबीच्या घरात जातात. रोज दोन जीबी देणाऱ्या मोबाइल प्लॅनवर असा एक गेम उतरवायला ५० दिवस लागतील, तेही दुसरे काहीच न पाहता. फायबर नसेल तर डिस्क हाच सोपा मार्ग. शिवाय डिस्क खेळून झाल्यावर मित्राला देता येते, विकता येते. डाउनलोड केलेल्या गेमचे तसे नाही.

मग निर्णय कसा घ्यावा?

खेळायचे आत्ता असेल, तर केवळ किंमत उतरेल या आशेवर थांबण्यात आज फारसा अर्थ नाही. घेताना डिस्क ड्राइव्हचे मॉडेल आणि भारतातील वॉरंटी पाहावी. नवाच हवा असेल, तर पैसे स्वतःच्या खात्यात ठेवून थांबावे. जाहीर न झालेल्या कन्सोलचे आगाऊ बुकिंग असूच शकत नाही. ‘पीएस ६ बुक करा, ९९९ रुपये भरा’ अशी लिंक आली, तर ती फसवणूक समजावी. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी. विनोद पुढे पाठवायला हरकत नाही, लिंक मात्र पाठवू नये.