राजीनामा आणि कबुलायत

'राजीनामा' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. राजी म्हणजे संमत आणि नामा म्हणजे लेख. मूळ अर्थ संमतिपत्र. मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलाच्या दप्तरात हा शब्द एकटा वावरत नसे. खातेदार आपल्या नावची जमीन सोडताना राजीनामा लिहून देई आणि त्याच जमिनीचा सारा भरण्याची जबाबदारी पत्करणारा दुसरा माणूस कबुलायत लिहून देई. दोन्ही कागद झाले की व्यवहार पुरा होई आणि जमीन क्षणभरही बेवारस राहत नसे. पुढे राजीनामा या शब्दाचा अर्थ जवळजवळ उलटा झाला. संमतीचा कागद असहमतीचा कागद ठरला, आणि कबुलायत हा शब्द जुन्या दप्तरांपुरता उरला. आमचे म्हणणे एवढेच आहे की कागद आजही दोनच असतात. पहिल्या कागदाकडे आपण सारे टक लावून पाहतो. दुसरा कोण लिहितो याची चौकशी मात्र करत नाही.

हा विषय आमच्यासमोर आला तो वर्गात. फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावी एम. ए. मराठीच्या वर्गात युद्धविषयक साहित्यावर बोलणे चालले असताना जॉश पॉल यांचा उल्लेख निघाला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात परदेशांना शस्त्रे पुरवण्याचे काम ज्या विभागाकडे असते, तिथे अकरा वर्षांहून अधिक काळ काम केल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये, इस्रायलला होणाऱ्या शस्त्रपुरवठ्याच्या विरोधात त्यांनी पद सोडले. वर्गातून तीन प्रश्न लगोलग आले. अकरा वर्षे काय करत होता? त्याच्या जाण्याने युद्ध थांबले का? आणि आता त्याला कोणती खुर्ची हवी आहे? दुपारी प्राध्यापक कक्षात हेच तीन प्रश्न थोड्या भारदस्त मराठीत पुन्हा ऐकू आले. त्यानंतर एक जण म्हणाले, "काही म्हणा, माणूस मोठा!" आणि चर्चा संपली.

पत्रात कारण काय दिले होते, हे वर्गात कोणी विचारले नाही आणि कक्षातही कोणी विचारले नाही. साहित्याच्या अभ्यासकांना ही गोष्ट लाजिरवाणी वाटली पाहिजे. कवितेचा अर्थ कवीच्या चरित्रातून लावू नये, संहितेला सामोरे जावे, असे आपण दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. राजीनामा हाही एक लेख आहे. तो समोर आला की मात्र आपण संहिता बाजूला सारतो आणि लेखकाची जन्मपत्रिका मांडतो.

ही सवय नवी नाही. मराठी मुलखातलेच दाखले घेऊ. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. कोणत्याही लोकनियुक्त प्रतिनिधीला विचारण्यात आले नव्हते. काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्याला बसून फॅसिझमचा निषेध केला, पण हे युद्ध नेमके कशासाठी आणि त्यात आमचे स्वातंत्र्य कुठे बसते, असा सवाल सरकारला केला. समाधानकारक उत्तर आले नाही. २२ ऑक्टोबरला, पुन्हा वर्ध्यालाच, काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे द्यावेत असे ठरले, आणि नोव्हेंबरच्या आरंभी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले. कारभार गव्हर्नरकडे गेला. युद्ध थांबले नाही, सैन्यभरतीही थांबली नाही. 'यातून काय मिळाले?' हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विद्यार्थी परीक्षेच्या उत्तरात 'काँग्रेसची राजकीय चूक' असे एका ओळीत लिहून मोकळे होतात.

या राजीनाम्यांवरच्या प्रतिक्रियांपैकी एक मात्र आम्हाला वेगळी वाटते. २२ डिसेंबर १९३९ रोजी जिनांच्या आवाहनावरून मुक्तिदिन पाळला गेला, आणि मुंबईत भेंडीबाजारच्या सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर जिनांबरोबर व्यासपीठावर होते. या प्रसंगावर आपल्याकडे एक तर पांघरूण घालतात, नाही तर तो शिवीसारखा वापरतात. आम्हाला त्यात राजीनाम्याचे गंभीर वाचन दिसते. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून आंबेडकर याच मंत्रिमंडळासमोर विरोधी बाकांवर बसत होते. कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांनी आणि कम्युनिस्टांनी मिळून संप घडवला होता. ऑक्टोबर १९३९ मध्ये मुंबई विधानसभेत युद्धविषयक ठरावावर बोलताना त्यांनी आपली भूमिका स्पष्ट केली होती: स्वतःचे हित आणि देशाचे हित यांत निवड करायची वेळ आली तर देश आधी, देश आणि अस्पृश्य समाज यांत निवड करायची वेळ आली तर अस्पृश्य समाज आधी. म्हणजे खेर कधी जागे झाले, खेरांना पुढे काय हवे आहे, असले प्रश्न त्यांचे नव्हते. देशाला न विचारता युद्धात ओढले, ही तुमची तक्रार. तुम्ही सत्तेत असताना आम्हाला किती विचारलेत, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी राजीनाम्यातले कारण उचलले आणि ते राजीनामा देणाऱ्यांनाच लावून पाहिले. त्या दिवशी जिनांच्या शेजारी बसणे योग्य होते का, यावर आमच्यातच दोन मते आहेत. पण ही प्रतिक्रिया कारणाला भिडलेली होती, याबद्दल दुमत नाही. जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. रिकाम्या खुर्च्यांच्या काळात त्यांनी उघडपणे, कारण सांगून खुर्ची स्वीकारली. कबुलायत लिहायचीच तर ती अशी, स्वतःच्या नावाने लिहावी. सावरकरांनीही १९४२ च्या सप्टेंबरात हिंदुमहासभेच्या पदाधिकाऱ्यांना आपापली पदे सोडू नका असे जाहीरपणे सांगितले. पटो वा न पटो, तीही सही केलेली कबुलायतच होती.

दुसरी कबुलायत निनावी असते. ती टाळ्यांच्या कागदावर लिहिलेली असते. १७ मार्च २००३ रोजी रॉबिन कुक यांनी इराकवरील हल्ल्याला विरोध म्हणून ब्रिटिश मंत्रिमंडळ सोडले आणि संसदेत आपले कारण मांडले. टाळ्या वाजवण्याची प्रथा नसलेल्या त्या सभागृहात टाळ्या वाजल्या, काही सदस्य उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहाने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाचा मार्ग मोकळा केला. आदल्या दिवशीच्या टाळ्यांतले किती हात दुसऱ्या दिवशी कोणत्या बाजूला गेले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. त्याच महिन्यात ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या उपविधी सल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी, हे युद्ध आंतरराष्ट्रीय कायद्यात बसत नाही म्हणून पद सोडले. त्यांचे छोटेसे पत्र २००५ मध्ये सरकारला प्रसिद्ध करावे लागले, तेव्हा त्यातला एक परिच्छेद गाळलेला होता. महाधिवक्त्यांचे मत कसे बदलत गेले, हे त्या परिच्छेदात होते. तो पुढे फुटलाच. यातून आपण एक धडा घ्यावा. राजीनाम्यात महत्त्वाचे काय असते हे सरकारला नेमके ठाऊक असते. विल्म्सहर्स्ट बाईंचे नाव त्याने लपवले नाही, कारण लपवले. आपण मात्र नावावर चर्चा करतो आणि कारण आपणहून गाळतो. सरकारचे काम आपण फुकट करतो.

'इतके दिवस काय करत होता?' या प्रश्नाला आपल्याकडे लोकनायक बापूजी अणे यांचे उदाहरण चपखल बसते. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे, टिळकांच्या परंपरेतले अणे १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. ऑगस्ट १९४२ मध्ये नेत्यांची धरपकड झाली, आष्टी आणि चिमूर येथे उठाव झाला आणि त्यानंतर चिमूरच्या स्त्रियांवर अत्याचार झाले. अणे पदावरच होते. आगाखान पॅलेसमधल्या गांधीजींच्या उपवासाच्या वेळी, १७ फेब्रुवारी १९४३ रोजी, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी ते सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले. उशीर झाला, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे आम्ही खोडणार नाही. पण उशीर हा माणसावरचा आरोप आहे. गांधीजींना कैदेत मरू द्यायला आपण जबाबदार राहणार नाही, हे राजीनाम्यामागचे कारण उशिराने खोटे ठरत नाही.

आणि 'इतके दिवस काय करत होता?' हे विचारण्याचा अधिकार कोणाला होता, तेही पाहू. तो होता प्रा. भन्साळी यांना. नोव्हेंबर १९४२ मध्ये ते सेवाग्रामहून दिल्लीला अण्यांच्या दारी गेले, चिमूरची चौकशी करा म्हणाले, आणि नकार मिळताच तिथेच उपवासाला बसले. पोलिसांनी त्यांना परत पाठवले तरी त्यांनी उपवास सोडला नाही. त्रेसष्ट दिवसांनी, जानेवारी १९४३ मध्ये तो सुटला. भन्साळींनी हा प्रश्न राजीनाम्याच्या आधी विचारला, आणि विचारताना स्वतःचा जीव पणाला लावला. राजीनाम्यानंतर चहा ढवळत विचारलेला तोच प्रश्न वेगळा असतो. त्याला आम्ही टवाळी म्हणतो. टाळी आणि टवाळी या सख्ख्या बहिणी आहेत. दोघीही लक्ष कारणावरून माणसावर नेतात आणि ऐकणाऱ्याला काहीच करावे लागणार नाही अशी सोय करतात.

आपल्या मराठवाड्याकडे यावे तर दुखणे आणखी खोल आहे. १९३९ साली फुलंब्री निजामी राज्यात होती. इथल्या माणसाला राजीनामा द्यायला लोकनियुक्त मंत्रिमंडळच नव्हते. १९४८ मध्ये मात्र राजीनामे झाले. लायक अली मंत्रिमंडळातले जोशी यांनी परभणी-नांदेड भागात, लोह्यासारख्या गावी, रझाकारांनी केलेला विध्वंस पाहून मंत्रिपद सोडले. नांदेड जिल्ह्यात महसूल अधिकारी असलेले महंमद फरीद मिर्झा यांनी त्याच अत्याचारांच्या निषेधार्थ नोकरी सोडली, आणि रझाकार संघटना बरखास्त करा असे जाहीरपणे सांगणाऱ्या सात मुस्लिम नागरिकांत तेही होते. रझाकारांविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा त्याच ऑगस्टमध्ये हैदराबादेत खून झाला. त्यांचा लिहिता हात तोडण्यात आला. दरवर्षी १७ सप्टेंबरला आम्ही ध्वजवंदनाला उभे असतो. आमच्या ऐकण्यातल्या भाषणांत फरीद मिर्झांचे नाव क्वचितच आले. कारण उघड आहे. मुसलमान अधिकारी हिंदू शेतकऱ्यांसाठी नोकरी सोडतो, हे एका गटाच्या गोष्टीत बसत नाही. आपल्या सत्तेविरुद्ध जातो, हे दुसऱ्या गटाच्या गोष्टीत बसत नाही. जो राजीनामा कोणाच्याच गोष्टीत बसत नाही त्याला टाळीही मिळत नाही आणि टवाळीही. त्याला विस्मरण मिळते.

याउलट, जो आपल्या गोष्टीत बसतो त्याचे आपण काय करतो? १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. 'इतके दिवस काय करत होता?' असे त्यांना विचारणारा मराठी माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे. पण त्या टाळ्यांबद्दल आम्ही तक्रार करणार नाही, कारण त्या टाळ्यांवर थांबल्या नाहीत. लोकांनी कबुलायत लिहायला नकार दिला. १९५७ च्या निवडणुकीत तो नकार मतपेटीत दिसला आणि १ मे १९६० ला नकाशावर. १९३९ च्या राजीनाम्यांचेही असेच म्हणता येईल. त्यांचा खरा अन्वयार्थ १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला लागला. विनोबांनी युद्धाविरुद्ध बोलण्याच्या हक्कासाठी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि ते तुरुंगात गेले. पुढे खेरही गेले. 'काय मिळाले?' हा प्रश्न म्हणूनच चुकीच्या माणसाला विचारला जातो. राजीनामा देणारा एक वाक्य अर्धे लिहून जातो. ते पुरे झाले नाही, तर दोष लिहिणाऱ्याचा कमी आणि वाचणाऱ्यांचा अधिक.

आमच्यावर आक्षेप येईल: प्रत्येक राजीनामा खरा असतो का? नसतो. दबावासाठी, सौद्यासाठी, मागे घेण्यासाठीच दिलेले राजीनामे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पण खोटा राजीनामा ओळखायचा मार्गही संहितेतूनच जातो. त्यात कारण आहे का? ते पडताळता येते का? ते देणाऱ्याच्या गैरसोयीचे आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे द्यायला कोणाच्या मनात डोकवावे लागत नाही.

शेवटी एक घरची गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर हे सारे दुसऱ्यांना सांगितलेले शहाणपण ठरेल. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्याने परीक्षा केंद्रावरच्या कामाचा राजीनामा दिला. खिडक्यांतून चिठ्ठ्या येत होत्या आणि वर सांगून कोणी ऐकत नव्हते. पत्रात त्याने तारखा, खोल्यांचे क्रमांक, सारे लिहिले होते. ही युद्धाची गोष्ट नव्हती, चार भिंतींतली होती. संध्याकाळी आम्ही त्याला चहाला नेले, पाठ थोपटली. आमच्यातला एक म्हणाला, माणूस मोठा. दुसरा म्हणाला, याने काय होणार? पत्र वाचायला कोणी मागितले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या आत ती जागा भरली होती. जो बसला तो आमच्यातलाच होता, आणि या लेखाखालच्या 'आम्ही'मध्ये तोही आहे.