अन्नपूर्णा म्हणू नका, हिशेब करा

२०२५ च्या एप्रिलमध्ये आमच्या अन्नछत्राला पाच वर्षं झाली म्हणून वस्तीतल्या समाजमंदिरात कार्यक्रम झाला. देणगीदारांना शाल-श्रीफळ, भाषणं सगळी पुरुषांची. स्वयंपाक करणाऱ्या सहाजणींना ‘आमच्या अन्नपूर्णा’ म्हणून पुढे बोलावलं आणि खण-नारळाने ओटी भरली. पाचजणींची भरली. सहावी विधवा, म्हणून तिच्या हातात नुसता नारळ दिला. टाळ्या झाल्या, आणि त्याच सहाजणी आत जाऊन दोनशे पाहुण्यांची पानं वाढायला लागल्या. यावर कोणी काही बोललं नाही. पंचवीस वर्षं चळवळीत असलेली मीही नाही. त्याची लाज वाटते म्हणून हे लिहिते आहे.

मैत्रिणींनो, सुरुवात अशी नव्हती. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत सगळं बंद. पुण्यातल्या आमच्या वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या बायका. सोसायट्यांची दारं बंद झाली, बहुतेकींचा पगारही. रेशनकार्ड नाही त्यांना दुकानदार उभं करेना. एप्रिलात आम्ही समाजमंदिरात शेगड्या मांडल्या, तेव्हा ज्यांचं काम गेलं होतं त्याच रांधायला आल्या. त्या आणि त्यांची पोरं तिथंच जेवत. मोबदल्याचा विचार कुणाच्या मनात आला नाही, आणि येण्याचं कारणही नव्हतं.

तो काळ गेला, अन्नछत्र राहिलं. आता सरकारी रुग्णालयाच्या बाहेर फुटपाथवर मुक्काम करणाऱ्या, गावाकडून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी रोज संध्याकाळी १५० ताटं. बायकांची कामंही परत सुरू झाली. सकाळी चार घरची धुणीभांडी, दुपारी आमच्याकडे चार तास, मग घरी जाऊन पुन्हा चूल. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत घरकाम करणारी बाई त्यात दिवसाची २९९ मिनिटं घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ९७. आम्ही या २९९ मध्ये आणखी २४० मिनिटं फुकट घातली आणि त्याला ‘स्वयंसेवा’ म्हटलं.

आमच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेलं असे: ‘फक्त २२ रुपयांत एका भुकेल्याचं पोट भरा.’ हे २२ रुपये कसे? तांदूळ, डाळ, पीठ, तेल, भाजी, गॅस, टेंपो. बाईच्या हाताचे शून्य. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या शिवभोजन योजनेत जेवणाऱ्याकडून १० रुपये घ्यायचे ठरले, पण शहरातल्या थाळीची किंमत सरकारने ५० रुपये धरली होती. सरकारची कंजूषी आपल्याला ठाऊक आहे. त्या सरकारलाही जे शून्य धरता आलं नाही ते आपण धरलं.

बैठकीत मी मानधनाचा विषय काढला. चार तासांचे २५० रुपये. खजिनदार भाऊ म्हणाले, “ताई, पैसे घेतले की सेवेतला भाव जातो.” टेंपोवाल्या दादांना रोज ३०० रुपये रोख देतो, त्यांचा भाव जात नाही. किराणावाल्याचा जात नाही. भाव फक्त बाईच्या पोळीत असतो, आणि तो तिने फुकट लाटली तरच टिकतो! ज्या सहाजणींबद्दल ही चर्चा चालली होती त्या आत कांदा चिरत होत्या. त्यांना बोलवावं हे सुचायलाही अर्धा तास गेला. त्यातली थोरली आली, पदराला हात पुसत म्हणाली, “मला पैसे मागायची लाज वाटत होती. तुम्हाला द्यायची का वाटावी?”

‘अन्नपूर्णा’ या शब्दाशी माझं भांडण नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली मुंबईत गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र केलं, तेव्हा संघटनेचं नाव अन्नपूर्णा महिला मंडळच ठेवलं. पण तिथे बायकांनी सावकाराचा पाश तोडण्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवलं, व्यवसाय म्हणून चूल चालवली. आमच्याकडे नाव आलं, हिशेब राहिला.

(एका देणगीदाराने मध्यंतरी “स्वयंपाक कोण करतं?” असं विचारलं. मी नावं सांगितली. “तसं नाही, म्हणजे कोण?” असं पुन्हा विचारलं. त्यांची देणगी आम्ही घेतली नाही, एवढं तरी त्या वेळी जमलं.)

मानधन सुरू झालं. आता सहाजणी पाळीपाळीने येतात, रोज चौघी. मात्र रोजचा खर्च ३,३०० रुपयांच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून ताटं १५० वरून १०० वर आली. हे मी लपवणार नाही, कारण विरोध करणाऱ्यांचा हाच खरा मुद्दा होता, आणि तो खोटा नाही. पहिल्याच आठवड्यात पातेलं रिकामं झाल्यावर एक बाई रिकामा डबा घेऊन आली. नवऱ्याच्या खाटेपाशी बसून होती, दुसरं माणूस नव्हतं, म्हणून उशीर झाला. रांगेत आधी पुरुष उभे राहतात. खाटेशी बाई असते, आणि ती शेवटी येते. म्हणजे रांधणारीला न्याय दिला तो खाणारीच्या ताटातून काढून, असं मला भाऊंनी सुनावलं. रात्री झोप लागली नाही.

तरीही मी मागे फिरणार नाही. ती कमी पडलेली पन्नास ताटं आजवर त्या सहाजणी आपल्या खिशातून देत होत्या, देणगीदार नव्हे. एका गरीब बाईची भूक दुसरीच्या फुकट मेहनतीवर भागवायची, आणि फलकावर नाव तिसऱ्याचं! आता पहिली तीस ताटं खाटेशी बसलेल्या बायकांसाठी झाकून ठेवतो. पत्रकावर ताटाची किंमत ३२ रुपये छापली आहे, त्यातले दहा रांधणारीचे, असं स्पष्ट लिहून. दोन देणगीदार गेले, एक नवीन आली. ताटं अजून १५० झालेली नाहीत.

हिशेबाची वही समाजमंदिराच्या दाराशी टांगलेली आहे, कोणीही पाहावी. आणि तुमच्या संघटनेच्या पुढच्या शिबिरात दोनशेजणींच्या पोळ्या कोण लाटतं, तिला काय देता, आणि ती चर्चेला बसते की नाही, ते या अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवा.