किरणांनी बदललेले बियाणे

अणुकिरण हा शब्द कानी पडला की प्रथम हिरोशिमा डोळ्यांपुढे उभे राहते. ती आठवण कुणी पुसूही नये. परंतु त्याच भीतीपोटी किरणांच्या साहाय्याने घडविलेल्या बियाण्याकडे संशयाने पाहिले जाते, तेव्हा भय आणि विचार यांची गल्लत होते. ही गल्लत कोरडवाहू शेतकऱ्याला परवडणारी नाही.

किरणे वनस्पतीचे करतात काय? कोबाल्ट-६० पासून निघणारे गॅमा किरण बियांतून आरपार जातात आणि पेशीतील जनुकद्रव्याचे धागे तोडतात. मात्रा फार झाली तर बी उगवतच नाही; उगवले तर रोप खुरटते, परागकण वांझ होतात. मात्रा बेताची असेल तर पेशी तुटलेले धागे पुन्हा जोडू पाहते आणि त्या जोडणीत चुका राहतात. या चुका म्हणजेच उत्परिवर्तन. बहुतेक उत्परिवर्तने घातकच असतात. दुसऱ्या पिढीत हरितद्रव्य नसलेली पांढरीफटक रोपे उगवतात आणि चार दिवसांत मरतात. हजारो रोपांतून एखादेच उपयोगी निघते. ते हेरून वर्षानुवर्षे पारखावे लागते. मुलर यांनी १९२७ साली फळमाशीवर आणि स्टॅडलर यांनी पुढच्याच वर्षी सातूवर क्ष-किरणांचा हा परिणाम दाखवून दिला. गॅमा किरणांनी बी स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, हे मात्र गावोगाव सांगायला हवे होते. ते कुणी सांगितले नाही.

आपल्या राज्यातलेच उदाहरण उडदाचे. भाभा अणुसंशोधन केंद्राने क्रमांक ५५ या वाणाच्या बियांवर किरणांचा मारा करून गर्द हिरव्या पानांचा एक बदललेला वाण मिळविला, त्याचा टी-९ शी संकर केला, आणि अकोल्याच्या कृषि विद्यापीठाच्या सहकार्याने १९८५ साली टीएयू-१ हे वाण महाराष्ट्रासाठी प्रसारित झाले. पुढे राज्यातील उडदाचे फार मोठे क्षेत्र या एका वाणाखाली आले. त्याआधी १९८३ साली तुरीचे ट्रॉम्बे विशाखा-१ हे वाणही याच वाटेने आले होते.

बीड जिल्ह्याला याचे मोल अधिक आहे. आष्टी-पाटोद्याच्या हलक्या माळरानावर उडीद अडीच महिन्यांत हाती येतो. दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणाऱ्या कुटुंबाच्या गाठीला, मुकादमाच्या उचलीखेरीज, जे चार पैसे असतात ते अशाच पिकाचे. रान मोकळे होऊन शाळूला मिळते ते वेगळेच.

आणि उडीद हे स्वपरागीत पीक आहे. घरचे बी राखून पेरता येते. २००१ च्या कायद्याने तो हक्क मान्यही केला आहे. एकरी सहा किलो बी लागते. उत्पन्न तीनच क्विंटल धरले, तरी एका एकराच्या पिकातून पुढच्या मृगाला गावातले पन्नास एकर पेरता येतील. याउलट संकरित बीटी कापसाची पाकिटे दरवर्षी विकत घ्यावी लागतात, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने तीच बोंडे पोखरली तेव्हा नुकसानीचा मोठा भार शेतकऱ्याच्या अंगावर पडला.

म्हणून प्रश्न विचारायचा तो बी किरणांतून आले की नाही, हा नव्हे. ते कुणाच्या मालकीचे आहे, हा. जैतापूरला विरोध करणाऱ्यानेही तुर्भ्याचा उडीद पेरावा. त्यात विसंगती काहीच नाही. हे बी जनतेच्या पैशातून निर्माण झाले आहे. पण टीएयू-१ ला चाळीस वर्षे उलटून गेली. नव्या वाणांचे पायाभूत बी तालुक्याच्या बाजारात मृगापूर्वी किती पोहोचते, हे कृषि खात्याने तालुकावार जाहीर करावे. ते गावातल्या बचत गटांकडे वाढविण्यासाठी सोपवावे. शेतकरी ऐन पेरणीत दुकानदाराच्या दारात उभा राहिल्यावर बियाण्याच्या बैठका घेऊन उपयोग नाही. त्या फाल्गुनातच व्हायला हव्यात.